चार मात्रांची जागा

मास्तरांनी चहा अर्धा ठेवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या घरचा चहा अर्धा टाकणारा माणूस नव्हे तो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच रिटायर झाले, पण बाजाची पेटी अशी वाजवायचे की सगळं अंबरनाथ त्यांना पेटीमास्तर म्हणायचं. आमचे मालक आणि ते, दोघांची जोडी. मालक म्हणजे माझे यजमान हो. मालकांनी गाणी रचायची, गायची, मास्तरांनी पेटी धरायची, आणि मागं ढोलकी, टाळ, कोरस मिळून आठ-नऊ माणसं. अशी आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. जयंतीला गायची, लग्नात गायची, कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाला गायची. मालक छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. त्यानंतर पार्टी हळूहळू सुटली. पेटी मास्तरांच्या माळ्यावर गेली.

आता हा मुलगा मोठा झाला, मोरिवलीकडच्या एका कारखान्यात लेथवर लागला, आणि त्याला बापासारखंच गाण्याचं वेड. पण त्याची पार्टी निराळी. त्याला ते बँड म्हणत. चौघं होते. हा गाणारा. एक उल्हासनगरचा सिंधी मुलगा, त्याच्या घरचा जीन्स धुण्याचा धंदा, तो गिटारवाला. ढोलकीवाला आमच्याच वस्तीतला, रिक्षा चालवायचा. आणि चौथा बदलापूरचा, रोज ऑफिसला मुंबईला जाणारा, तो ते इंग्रजी ड्रम वाजवायचा. शुक्रवारी आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी, त्या दिवशी जीन्सच्या गाळ्यात यांची प्रॅक्टिस. बदलापूरवाला म्हणे ऑफिसात दर शुक्रवारी पोटात दुखतंय म्हणून सांगायचा. किती दिवस पोट दुखेल माणसाचं!

दोन वर्षं खटपट करून त्यांनी सीडी करायची ठरवली. आठ गाणी. त्या वेळी सीडी चालत होत्या अजून. आणि त्या आठात एक गाणं मालकांचं होतं, घागरीचं.

तर मास्तर आले होते ते ती कच्ची सीडी ऐकायला. मुलानंच बोलावलं होतं मोठ्या हौसेनं. सीडीला कव्हर नव्हतं, नुसतं स्केचपेननं चारचा आकडा टाकलेला. मी चहा केला, बटर ठेवले, आणि मीही खाली बसले, कारण मीही ते गाणं या पोरांच्या वाजवण्यासकट पहिल्यांदाच ऐकत होते.

खरं सांगायचं तर मला काही समजेना. आधी नुसता धाड धाड आवाज. मी म्हटलं, "हे काय, बिघडली काय सीडी?"

"आई, तो आमच्या कंपनीतल्या प्रेसचा आवाज आहे. मोबाईलवर रेकॉर्ड केला मी."

"कंपनीचा आवाज ऐकायला सीडी कशाला? खिडकी उघड की."

मास्तर हसले. तोपर्यंत ते खुशीत होते. मग त्या धाड धाडीतच ढोलकी शिरली, ती मात्र ओळखीची, आणि मग मुलाचा आवाज:

पाइप गेला दारावरून, पाणी गेलं दूर,
घागर पुसं हंड्याला, कुणाकडं गं पूर?

बारवीच्या धरणाचं पाणी मोठ्या पाइपानं आमच्या वस्तीला वळसा घालून पुढं जायचं. आमच्याकडं एक नळ, आणि त्यालाही तासभर पाणी. त्याचं हे गाणं. मास्तरांच्या बोटांनी मांडीवर पेटी धरली. मधे बदलापूरवाला हिंदी-मराठीत भांडल्यासारखं भराभरा काहीतरी बोलून गेला, ते मला कळलं नाही, मास्तरांनाही नाही, पण त्यांनी मान डोलावली. म्हातारा माणूस मोठ्या मनानं ऐकत होता, खोटं नाही बोलणार.

आणि मग शेवटचं कडवं आलं. सगळं एकदम थांबलं. ढोलकी थांबली, ती धाड धाड थांबली. गिटार एकटीच चार मात्रा कळवळली, आणि तिच्यानंतर मुलगा गायला:

...म्हणे, बायांनो, रांग मोडू नका,
हक्काच्या पाण्यासाठी हात जोडू नका.

मास्तरांनी कप ठेवला.

"नाव कुठाय?"

"कसलं नाव, काका?"

"कवीचं नाव! तुझ्या बापाचं! कोण म्हणे? 'म्हणे'च्या आधी कोण आहे?"

मुलगा माझ्याकडं बघायला लागला, मग मास्तरांकडं. "मला वाटायचं घागर म्हणते."

"घागर?" मास्तर उभेच राहिले. "अरे, माणसानं आयुष्य काढलं गाण्यात, आणि तू म्हणतोस घागर?"

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पार्टीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. अमका म्हणे, तमका सांगे, असं. तीच त्याची सही. या माणसांची पुस्तकं निघत नव्हती, पेपरात नाव येत नव्हतं. गाणं या वस्तीतून त्या वस्तीत तोंडानं जायचं, तर बरोबर नाव जावं म्हणून ती सोय. दुसऱ्याचं गाणं गाताना नाव गाळलं की ती चोरी. त्यावरून पार्ट्यांच्या मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्यात.

"बापाचं नाव काढून तिथं सिंध्याची गिटार बसवली," मास्तर म्हणाले. "ही सीडी अशीच बाहेर आली, तर जयंतीच्या स्टेजवर तुम्ही चढायच्या आधी मी चढेन. सांगेन सगळ्यांना, पोरानं बापाचं नाव खाल्लं."

"काका, आईशप्पथ, मला माहीतच नव्हतं तिथं नाव आहे!"

"आईशप्पथ म्हणे. वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

वहिनी म्हणजे मीच. मी कपबशा उचलल्या आणि मोरीपाशी जाऊन बसले. मुलाची चूक नव्हती. चूक कुणाची असेल तर माझी होती, आणि ते तिथं त्या दोघांपुढं मला सांगता येईना.

कारण त्याला ते गाणं शिकवलं कुणी? मी. बाप गेला तेव्हा तो पाच वर्षांचा. त्यानंतर जीन्सचे ढीग घरी यायचे, शिलाईचे लोंबते दोरे कापायचं काम मी घेत असे. दोरे कापता कापता गाणी म्हणायची, तो शेजारी अभ्यास करायचा, नाहीतर अभ्यासाचं सोंग. माझ्या तोंडून ऐकूनच त्याला सगळी गाणी आली. आणि मी शेवटच्या कडव्याला आले की चार मात्रा गप्प बसायची, हातानं मांडीवर ताल धरायची, आणि मग "म्हणे, बायांनो" म्हणायची. नाव नवऱ्याचं ना! ते कसं घेणार तोंडानं?

तुम्ही म्हणाल, हा काय जुनाटपणा. माझे मालकही तेच म्हणायचे. देव काढले, पोथ्या काढल्या, उपासतापास सोडले, माझ्या सासूनं मंगळवार सोडला, आणि मला नवऱ्याचं नाव घ्यायला होत नव्हतं. कुणी हसू नये, माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींचं असंच होतं. सभेत भाषणं ऐकायच्या आणि घरी येऊन "अहो, जेवायला चला." पार्टीत मी मागं कोरसला बसायची, तेव्हा त्या जागेला बाकीचे नाव घ्यायचे आणि मी नुसते ओठ हलवायची. कुणाला कळायचं नाही.

मुलगा मात्र लहानपणी मी गप्प बसले की गप्प बसायचा. मला कधी वाटलंच नाही की तो हे गाण्याचंच अंग समजतोय! जशी साखर नसलेल्या घरातल्या पोराला चहा तसाच असतो असं वाटतं. आणि पुढं हाच मोठा होऊन त्या जागी गिटार बसवतो. सगळ्या गाण्यात त्यांना तीच जागा आवडली, असं त्यानं मला पूर्वी सांगितलंही होतं. "आई, बाबांनी एक जागा अशी ठेवलीय ना, रिकामी, काय डोकं होतं त्यांचं!" मी हो म्हटलं होतं. मला वाटलं भाताचं काहीतरी बोलतोय की काय, माझं लक्ष कुकरकडं होतं.

पुढचे चार दिवस मी गोंधळलेलीच. सीडी पुढच्या आठवड्यात कॉपी करायला जायची होती, हजार निघायच्या होत्या, एकदा गेली की गेली. मुलगा जेवेना. कामावरून यायचा आणि जुन्या लोकांना विचारत बसायचा, बाबा गाताना ऐकलंय का, नाव होतं का. सगळे म्हणाले होतं. म्हणजे मास्तर खरे. म्हणजे हा चोर. एका बाईनं तर त्याला तोंडावर म्हटलं, "गाणी उचलणाऱ्या पिक्चरवाल्यांसारखंच केलंस की रे." मला ते कळलं आणि तरी मी दोन दिवस बोलले नाही. का बोलले नाही? लाज वाटली म्हणावं, तर लाज कसली? माझ्यासारख्याच सगळ्या जणी होत्या.

आणि बसल्या बसल्या दुसरंच डोक्यात यायला लागलं. मालक जिवंत असताना नाव घेतलं नाही, ते ठीक. पण गेल्यावर? गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बायका फारशा अडत नाहीत. माझी आई घ्यायची माझ्या वडलांचं, रडताना तर जोरात घ्यायची. मग मी का वीस वर्षं गाळलं? त्या कडव्यात ते बायांना सांगतात, रांग मोडू नका. आता बघा, नळाच्या त्या रांगेत आमचे मालक एक दिवस उभे राहिलेले मला आठवत नाहीत. पहाटे पाण्याची वेळ, आणि हे सेकंड शिफ्ट करून झोपलेले. रांगेत मी. भांडण झालं तर मी. घागर आणि हंडा आपसात काय बोलत असतील असं हसत हसत घरी येऊन सांगितलं तेही मीच, आणि संध्याकाळी मास्तरांपुढं त्याचं गाणं तयार. मला तेव्हा राग आला नव्हता. उलट किती मिरवले मी! पण राग न येताही आत कुठं बसून राहतो का? मी मुद्दाम तर गाळलं नसेल नाव? आजही मला खात्रीनं सांगता येणार नाही. कधी वाटतं तो मान होता, कधी वाटतं तो कुजकेपणा होता. बाई मी साधी, मला माझंच समजेना.

शुक्रवारी मी डबा द्यायचं निमित्त करून त्यांच्या गाळ्यावर गेले. पहिल्यांदाच. चौघंही बसले होते, वाजवत कुणीच नव्हतं. निळ्या पाण्याचा वास, कोपऱ्यात जीन्सची पोती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नाव मी गाळलं, याच्या बापानं नाही, यानं नाही. वीस वर्षं मी गप्प बसत होते तिथं.

ढोलकीवाला आधी हसला. मग त्याला कळलं, आपल्याला हसायचं नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, तू चार दिवस बघत होतीस मला?"

"बघत होते."

"आणि बोलली नाहीस."

"नाही बोलले."

तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं जाऊ दे, त्याचा राग खरा आहे. मग मीच त्या गिटारवाल्याला विचारलं, की बाबा, आता काय करायचं, तुझी गिटार काढून तिथं नाव घालता येईल का? तो पडला सिंधी. त्याचं मराठी आमच्या घरी जेवून जेवून झालेलं.

"आंटी, निकाल तो सकते हैं. पण सच बोलू? तो गॅपच गाण्याची जान आहे. मला वाटायचं अंकलने सोचके ठेवली. आता कळलं की तुमची आहे."

"माझी कसली? ती चूक आहे."

"चूक असली तरी तुमची आहे ना. भरायची तर तुम्हीच भरा. मी खाली गिटार हळू करतो."

बदलापूरवाला म्हणाला तेही मला पटलं. आता मुलानं नाव गायलं, तर मास्तर म्हणणार, भांडण झालं म्हणून चिकटवलं. मुलगा दारातूनच बोलला, माझ्याकडं न बघता: "ती नाही घेणार नाव. मरेल पण नाही घेणार."

मला आला राग. म्हटलं, "घेते की नाही ते बघ."

रविवारी दुपारी उल्हासनगरला गेलो. दुकानावर एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. मी म्हटलं हा अंडेवाला आहे की रेकॉर्डिंगवाला? मुलगा म्हणाला आवाज घुमू नये म्हणून असतं ते. तिथं एरवी सिंधी लग्नाची गाणी आणि भजनं रेकॉर्ड व्हायची. मशीनवर बसलेल्या माणसानं मला "अम्मा, बैठो" म्हणून खुर्ची दिली, कानाला ते मोठे हेडफोन लावले. अंबाडा दबून डोकं दुखायला लागलं. सगळे काचेपलीकडं. इकडं मी एकटी आणि माझ्यापुढं माईकचा जाळीचा बोंडा.

घरी मी पाठ केलं होतं. आदल्या रात्रीपासून मनात नाव घेत होते. मनात कितीही घेता येतं हो. मोरीत नळ सोडून एकदा तोंडानंही घेऊन पाहिलं, तर बरं आलं होतं. चार अक्षरं, चार मात्रांत चपखल बसतात. त्यांनी बसवलेलीच होती.

गाणं सुरू झालं. तो प्रेसचा आवाज आता कानातच. मग ढोलकी, मग मुलाचा आवाज. बाहेर ऐकताना मला तो त्याचाच वाटायचा, पण असा डोक्यात शिरल्यावर त्यात बापाची खरखर आली, आणि मी इकडं तिकडं बघायला लागले. बदलापूरवाल्याचं भांडण झालं. शेवटचं कडवं आलं. सगळं थांबलं. गिटार हळू वाजली, आणि काचेपलीकडून मुलानं हात वर करून मला खूण केली.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "अहो."

तेवढंच. तेही गाण्यात नाही, आपलं माणूस आतल्या खोलीत असताना हाक मारतात तसं. आणि वरून मुलाचा आवाज पुढं निघून गेला: म्हणे, बायांनो, रांग मोडू नका.

मी हेडफोन काढले. म्हटलं चुकलं, परत लावा. काचेपलीकडं कुणी हलेना. मशीनवाला माणूस डोळे पुसत होता की घाम, मला दिसलं नाही, माझा चष्मा खाली सरकला होता. गिटारवाला तोंडावर हात धरून. मुलगा आत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आई, परत नको."

"अरे पण नाव नाही आलं ना! मास्तर काय म्हणतील?"

"नाव आम्ही कव्हरवर घालू. तू लिहून दे."

लिहायला मला काही अडचण नव्हती. लिहिताना तोंड बंदच असतं. मशीनवाल्यानं एका जुन्या बिलाच्या मागं पेन दिलं आणि मी तिथंच लिहिलं, आडनावासकट, ठळक. तेच त्यांनी जसंच्या तसं छापलं, माझ्या अक्षरात. मुलानं विचारलं, "नुसतं त्यांचंच? दोरे कापताना सांगायचीस ना, घागर-हंडा तुझं?" मी म्हटलं राहू दे. मग परत म्हटलं, थांब. मग म्हटलं राहूच दे. तो बिल हातात घेऊन उभा, मशीनवाला विचारतोय "फायनल है ना?", आणि मी हो म्हणाले.

सीडी आली तेव्हा मी पहिली मास्तरांकडं घेऊन गेले. मुलगा आला नाही. दाराशी त्यांची बायको तांदूळ निवडत होती. मास्तरांनी कव्हर डोळ्यांजवळ नेलं, अक्षर ओळखलं, नावावर अंगठा फिरवला. "बरं केलंत," म्हणाले. मग गाणं लावलं. शेवटच्या कडव्यापर्यंत ठीक. आणि ते माझं "अहो" आलं तसे ताडकन म्हणाले, "हे काय? वहिनी, हे बेताल आहे! आणि नाव कुठाय गाण्यात?"

त्यांच्या बायकोनं सूप बाजूला ठेवलं.

"आता अजून कुठं पाहिजे नाव?" ती म्हणाली. "मागं घ्या जरा. परत लावा."

"ताल सुटलाय त्याचा..."

"सुटू दे. लावा म्हणते ना."

मास्तरांनी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं, तेव्हा त्यांनी मांडीवर पेटीही नव्हती धरली. जयंतीला स्टेजवर चढून काही सांगणार का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते चढले नाहीत.

मुलगा माझ्याशी महिनाभर तुटक होता, मग सुटला. गाणं लोकांना आवडलं म्हणतात. काही जण मला येऊन विचारतात, ते तुम्ही मुद्दाम केलं का, केवढं सुचलं! मी काय सांगू? मला नावच घ्यायचं होतं हो. पाठ केलं होतं मी. कधी वाटतं त्या माणसाला शेवटी हाक मारली, बरं झालं. कधी वाटतं पुन्हा एकदा गाळलं त्यांचं नाव, आणि ते आता हजार ठिकाणी. दोन्ही एकाच दिवशी वाटतं, कधी एकाच चहाला.

एक मात्र खटकतं ते खटकतंच. आमचे मालक एका हाकेत कधी उठले नाहीत. दोनदा मारावी लागायची, दुसरी जरा चढून. मी मुलाला म्हटलं, अरे, दोनदा करता येईल का ते, पहिलं हळू आणि दुसरं मोठ्यानं?

"आई," तो म्हणाला, "सीडी गेली कॉपीला कधीच."